वेदना न जाणवणाऱ्या बाळाचे दात : काढायचे की ठेवायचे?

शेवंती_सांगली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा पंधरा महिन्यांचा आहे. त्याला जन्मापासून वेदना जाणवत नाहीत आणि घामही येत नाही. तपासणीत एनटीआरके१ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष निघाला. कागदावर आजाराचं नाव 'सीआयपीए' आहे. लसीच्या सुईला हा कधी रडला नाही, तेव्हा घरात सगळे म्हणायचे, किती शहाणं बाळ! ताप मात्र सारखा यायचा. उन्हाळ्यात अंग नुसतं भाजायचं आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही.

खरा उलगडा दातांनी केला. खालचे पुढचे दोन दात आले आणि लगेच जिभेखाली जखम दिसायला लागली. मग वरचे आले. आता बोटांची टोकं चावतो, खालचा ओठ आतून फाटलाय, जिभेच्या शेंड्याचा बारीकसा तुकडा गेलाय. तोंडातून रक्त येत असतं आणि हा खेळत असतो.

आमच्या दंतवैद्यांचं म्हणणं, आलेले सगळे दात काढून टाकू, पुढे येतील तेही काढू. माणूस भला आहे, असं मूल आधी कधी पाहिलं नाही हेही त्यांनीच सांगितलं. सासूबाई म्हणतात दात येताना सगळीच चावतात. नवरा म्हणतो काढून टाक, रोजचं रक्त बघवत नाही.

दात राखता येतात का? इतक्या लहान तोंडात गार्ड (दातांवर बसवायचं संरक्षक आवरण) बसतो का? आणि किडलं, पू झाला, तर हा सांगणार कसा? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

---

उंटावरचा_शहाणा

वाईट वाटून घेऊ नका, पण दुखणंच नसणं हे एका परीने वरदान नाही का? आम्ही दाढेच्या एका कळेने रात्र रात्र जागतो.

---

कोथरूडचा_बाप

वरदान म्हणणाऱ्या शहाण्यांसाठी. या विषयावरचं गाजलेलं संशोधन २००६ साली 'नेचर'मध्ये आलं. सुरुवात झाली उत्तर पाकिस्तानातल्या एका दहा वर्षांच्या मुलामुळे. तो रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा. संशोधक त्याला तपासणार, त्याच्या आत तो घराच्या छपरावरून उडी मारून गेला. मृत्यूच्या वेळी तो जेमतेम चौदाचा होता. मग त्याच्या नात्यागोत्यातली अशीच सहा मुलं-माणसं तपासली, तर सहाही जणांच्या ओठांना नाहीतर जिभेला स्वतःच्याच दातांनी केलेल्या इजा होत्या, सगळ्या पहिल्या चार वर्षांतल्या. दोघांच्या जिभेचा पुढचा एक तृतीयांश भाग गेलेला. असं हे वरदान.

शेवंती, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिचा प्रकार वेगळा, एससीएन९ए या जनुकाचा. तिला घाम येतो, बुद्धीला काही नाही, स्पर्श कळतो, गरम-गार कळतं. भाजल्याचं दुखत मात्र नाही, आणि वासही येत नाही, तो या प्रकाराचाच भाग आहे. तुमच्या बाळाचं प्रकरण जास्त अवघड आहे, कारण त्यात ताप आणि घामाचं लचांड आहे. दातांचे हाल दोन्हींत सारखेच. आमचे दात राहिलेत. सगळे नाही, पण पुष्कळ. सविस्तर रात्री लिहितो.

---

दंतकथा

शेवंती, मी बालदंतचिकित्सक आहे. बाळाचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यामुळे उपचार इथे ठरणार नाहीत. पायऱ्या कशा असतात ते सांगते.

दाताशी भुलीचं इंजेक्शन दिलं की आम्ही आयांना बजावतो, ओठ बधिर आहे तोवर पोराला चावू देऊ नका. तरी दुसऱ्या दिवशी सुजलेला ओठ घेऊन एखादं पोर येतंच. तुमच्या बाळाच्या बाबतीत ती दोन-तीन तासांची मुदत कधी संपतच नाही, असं धरून चाला. तो चिडून चावत नाही की हट्टाने चावत नाही. नवीन दात आलेत, ते वापरून बघतोय, आणि 'बास' म्हणणारं आत कुणी नाही.

जिभेखालच्या जखमेला रिगा-फेडे व्रण म्हणतात. खालच्या दातांच्या धारेवर जीभ घासून तो होतो. इतर बाळांनाही होतो, पण ती दूध प्यायची बंद होतात, रडतात, आणि आई तोंड उघडून बघते.

पहिली पायरी अगदी साधी आहे : धार मोडायची. नवे दात कडेला करवती असतात. त्या कडा घासून गोल करतात, किंवा वर कंपोझिटचा (दात भरायच्या मसाल्याचा) थर चढवून बोथट करतात. काम थोड्या वेळाचं. जिभेखालचे व्रण एवढ्यानेही भरलेले मी पाहिलेत.

दुसरी पायरी गार्ड. माप घेऊन बनवतात, मऊ किंवा कडक. दोनच दात असलेल्या तोंडात तो धरून बसायला जागा नसते, ही खरी अडचण. म्हणून हिरडीवरही पसरलेला बनवतात, आणि सुटला तरी घशात जाणार नाही एवढा मोठा ठेवतात. नवा दात आला, जबडा वाढला, की तो बसत नाही. पुन्हा माप, पुन्हा गार्ड. हे किमान दुधाचे दात पुरे होईपर्यंत चालतं, मनाची तयारी ठेवा. ओठ दातांपासून लांब ठेवणारी पट्टीही लावता येते, पण ती थोड्या मोठ्या मुलांना.

दात काढणं ही शेवटची पायरी. ती नाहीच, असं मी म्हणणार नाही. जीभ तुटत चालली आहे, गार्ड टिकत नाही, जखम चिघळते आहे, तेव्हा नेमका जो दात कापतोय तो काढावा. सरसकट सगळे काढण्याला मात्र माझा विरोध आहे. दुधाचे वीस दात मागच्यांची जागा राखतात, घास चावतात, बोलणं घडवतात. आणि ते काढले तरी सहाव्या वर्षी कायमचे येणारच की. तेव्हा तोंडात काही घालून घ्यायची, बघू द्यायची सवय नसलेलं मूल आणि नवे कोरे धारदार दात अशी गाठ पडते. ती सवय आत्ताच लागायला हवी.

---

जुई_म्हापसा

अवांतर वाटेल, पण विचारते. माझा भाचा तीन वर्षांचा आहे, तोही ओठ आणि बोटं चावतो, रक्त काढतो. पण तो चावताना रडतो. हा तोच आजार का?

---

दंतकथा

जुई, रडतो हीच मोठी खूण आहे, म्हणजे दुखतंय. लेश-नायहान नावाचा आजार आहे, बहुतेक मुलग्यांनाच होतो. त्यात वेदना शाबूत असते आणि हात-तोंड आवरत नाही. ती मुलं 'माझे हात बांधा' असंही सांगतात. रक्तातलं युरिक अॅसिड तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना हे नाव सांगा. कारण तेच असेल असं नाही, पण ते वगळायलाच हवं. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा विभाग आहे, तोंडाच्या जखमांसाठी तिथे जा. मेंदूविकारतज्ज्ञाची गाठ मात्र आधी.

---

कोथरूडचा_बाप

रात्री लिहितो म्हणालो होतो.

आमच्याकडची मोठी भानगड चावण्याची नव्हती, दात उपटण्याची होती. सहाव्या वर्षी पहिला दात पडला. आजीने रीतसर कौलावर टाकायला लावला, उंदीरमामाला हाक मारून झाली, आणि आत्याने हौसेने दहा रुपये दिले. पोरीने हिशेब केला. आठवडाभरात न हलणारे दोन दात काढून आत्याच्या हातावर ठेवले. त्यातला एक कायमचा होता. तोंडात रक्त, आणि चेहऱ्यावर वीस रुपयांचा आनंद.

तेव्हापासून घरात नियम आहे : पडलेल्या दाताचं कौतुक बंद, तोंडात असलेल्या दातांचं कौतुक चालू. रोज रात्री दात मोजायचे. सगळे जागेवर असतील तर कॅलेंडरवर फुली, महिनाभर फुल्या झाल्या की तिच्या पसंतीचं पुस्तक. डॉक्टरांनी सुचवलेलं नाही, बायकोची कल्पना. भीतीने जे जमलं नाही ते या व्यवहाराने जमलं.

खाण्याचं सांगतो. चिक्की, दाताने सोललेला ऊस, सुपारी, बर्फ चावणं, दाताने टोपण उघडणं हे सगळं बंद. ही मुलं दातांवर किती जोर पडतोय याचा अंदाजच घेत नाहीत, टवका उडतो आणि कळत नाही. चहा, आमटी, गरम वरणभात मोठ्यांपैकी कुणीतरी बोट बुडवून बघितल्याशिवाय द्यायचा नाही. टाळूची साल निघालेली आम्हाला दोन दिवसांनी दिसायची.

आणि डॉक्टरांकडून एक पत्र घेऊन ठेवा, मराठीत, सही-शिक्क्यासह, की या मुलाला हा आजार आहे आणि जखमा त्यामुळे आहेत. पाळणाघरात, शाळेत, नव्या दवाखान्यात आईबापांकडे संशयाने बघतात. त्यांचंही चूक नसतं.

---

उंटावरचा_शहाणा

वरदानाबद्दलचं मागे घेतो. पण खरंच प्रश्न आहे : दुखतच नाही तर दंतवैद्याकडे भूल कशाला लागेल? दात सरळ काढता येईल ना?

---

दंतकथा

प्रश्न चांगला आहे, आमच्यातले काहीजणही असंच समजतात.

किडीचं छोटं काम, धार मोडणं, कधीकधी दात काढणंही सुई न टोचता होतं. पण वेदना नसली तरी स्पर्श असतो. यंत्राचा आवाज, तोंडात परकी बोटं, चार माणसांनी धरून ठेवणं, या सगळ्याची भीती असतेच. सीआयपीएच्या काही मुलांना स्पर्श उलट जास्तच झोंबतो, आणि अनेकजण फार चंचल असतात. अशा मुलाला धरून ठेवून काम करू नये. मोठं काम असेल तर पूर्ण भूल लागते.

तिथे खरी जोखीम आहे आणि ती दातांची नाही. घाम येत नसल्यामुळे शरीराचं तापमान भरकन चढतं, थंड खोलीत उतरतंही. म्हणून भूलतज्ज्ञाला आजाराचं नाव आधी, लेखी कळवायचं. अॅट्रोपीनसारखी घाम आटवणारी, ताप चढवणारी औषधं ते टाळतात आणि तापमान सतत मोजत राहतात. लहान क्लिनिकमध्ये हे करू नका. मुलांचा अतिदक्षता विभाग ज्या इमारतीत आहे तिथेच.

किडीबद्दल शेवंतीने विचारलं होतं. कळ ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी बातमीदार, ती इथे नाही. मग पू होतो, तो हाडात उतरतो, आणि जबड्याचं हाड सडायला लागल्यावर मूल आमच्याकडे येतं. सीआयपीएत हाडाला जंतुसंसर्ग होण्याची खोड असतेच. म्हणून हिरडीवर पुटकुळी, राखाडी पडलेला दात, तोंडाचा घाण वास, एका गालाला सूज, कारण न सापडणारा ताप, यातलं एकही दिसलं तर 'बघू उद्या' नाही. घाम नसलेल्या मुलाचा प्रत्येक ताप उन्हाचा नसतो. कधी तो दाताचा असतो.

कीड होऊच नये यासाठी जे इतर मुलांना सांगतो तेच, पण काटेकोर. फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. ब्रश मोठ्यांनीच करायचा आणि मऊ, कारण जोरात घासून हिरडी सोलली तरी हे मूल हूं की चूं करणार नाही. दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचं व्हार्निश. रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं बंद. सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते, ती कुठलाही दात न पडता येते, म्हणून घरच्यांना ती दुधाची वाटते. ती कायमची असते. येताक्षणी तिच्या खाचा सीलंटने भरून घ्यायच्या.

---

माजघर

जखमेवर टाकणखाराची लाही मधातून लावा, दाताला लवंगेचं तेल. आमच्या आजीचा हमखास उपाय.

---

दंतकथा

माजघर, कृपया नको. टाकणखार लहान मुलाच्या पोटात जायला नको. मध एक वर्षाच्या आत अजिबात नाही, आणि नंतरही दातावर साखरच ती. लवंगेचं तेल जास्त झालं तर हिरडी जळते. इतर मूल किंचाळून तुमचा हात ढकलेल, हे मूल शांत बसेल आणि कातडी पांढरी पडेल. हाच नियम औषधाच्या दुकानातल्या दात येतानाच्या बधिर करणाऱ्या जेललाही. इथे बधिर करायला काही उरलेलं नाही, धोका तेवढा पोटात जातो.

---

वरोऱ्याचे_काका

मी निवृत्त कुष्ठतंत्रज्ञ. दातांतलं मला कळत नाही, पण बधिर अवयव सांभाळण्यात नोकरी गेली, म्हणून लिहितो.

कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते. पूर्वी लोक समजत, रोगाने बोटं झडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने झडत नाहीत, दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि तो पाय झिजवतो. पुढे अमेरिकेत कारव्हिल इथे त्यांनी दाब जास्त झाला की इशारा देणारे हातमोजे, मोजे करून पाहिले. चाललं नाही. इशारा आला की लोक यंत्रच बंद करत आणि हातातलं काम पुरं करत. शेवटी उपयोगी पडली ती मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या रबराची) चप्पल आणि रोज डोळ्यांनी पाय बघणं.

आम्ही रुग्णांना सांगायचो, शंका आली की बघतो म्हणू नका, शंका येणारच नाही. वेळ ठरवा. संध्याकाळी दिवा लागला की पाय धुवायचे, तळवा बघायचा, खडा-काटा आहे का, लाल झालंय का. ताई, तुम्हीही तोंडाची वेळ ठरवा. एका वहीत तोंडाचं ढोबळ चित्र काढा, जखम दिसेल तिथे खूण आणि तारीख. घरात बघणारी माणसं दोन ठेवा, एकाच आईवर टाकू नका. आमच्याकडे जे पाय वाचले ते बहुतेक अशा घरांतले, जिथे बायको किंवा लेक सोबत बघत होती.

---

दंतकथा

काका, दंडवत. माझ्या सगळ्या रुग्णांना तुमच्याकडे पाठवायला हवं.

शेवंती, बघायचं कसं ते सांगते. दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. बाळाचे पाय एकाच्या कमरेला, डोकं दुसऱ्याच्या मांडीवर. डोक्याकडचा बघतो, दुसरा हात धरतो. टॉर्च हवा. आधी ओठ आतून, मग दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जीभ उचलून खाली, शेवटी हिरड्या. मग हाताची दहाही बोटं. गाणं म्हणत केलं तर बाळ खपवून घेतं.

---

ओसाकाची_वारी

जपानमध्ये सीआयपीएच्या मुलांच्या पालकांची 'टुमॉरो' नावाची संस्था आहे, डॉक्टर आणि दंतवैद्य तिच्याबरोबर काम करतात. इथे उन्हाळ्यात मुलं गारवा देणारी जाकिटं घालतात. सांगली-सोलापूरच्या उन्हात हे सगळ्यात आधी करा. दंतवैद्याकडे वेळही सकाळची घ्या, दुपारी दोनची नको.

---

पाटलांचा_नातू

मूळ कारण कुणी बोलत नाही. नात्यात लग्नं करायची आणि मग

*(उर्वरित प्रतिसाद संपादित. विषयाला धरून आणि माणसाला धरून बोलावे. – संपादक मंडळ)*

---

शेवंती_सांगली

लपवण्यासारखं काही नाही. नवरा माझा सख्खा आतेभाऊ आहे, आमच्याकडे मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. जनुकतज्ज्ञांनी व्यवस्थित समजावलं : दोघांकडे एकेक सदोष प्रत, प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. दोष नेमका कुठला ते आता माहीत असल्यामुळे पुढच्या वेळी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा नमुना घेऊन तपासता येईल. नात्यात लग्न न झालेल्यांतही हा आजार सापडतो, हेही त्यांनीच सांगितलं. धाकट्या नणंदेचं लग्न माझ्या भावाशी ठरत होतं, ते आता दोघांची तपासणी होईपर्यंत थांबवलंय. घरात यावरून काय झालं ते लिहीत नाही.

---

कोथरूडचा_बाप

शाब्बास. थांबवायला धाडस लागतं.

उपयोगी माहिती : २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचं केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्र आहे, तिथे नोंद करून ठेवा. दातांसाठी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं आणि मुंबईचं नायर दंत महाविद्यालय. बालदंत विभागच विचारायचा, नुसतं 'दातांचा डॉक्टर' नाही. आणि जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (डीईआयसी), राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तिथून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते.

---

शेवंती_सांगली

सगळ्यांचे आभार. कळवायचं राहिलं होतं.

एका दंत महाविद्यालयाच्या बालदंत विभागात जाऊन आलो. खालच्या दोनपैकी एक दात मुळापासून हलत होता, तो काढला, सुईशिवाय. दुसऱ्याच्या आणि वरच्यांच्या कडा गोल करून वर थर चढवला. जिभेखालची जखम भरत आलीय. गार्डचं माप घेताना त्याने मॅडमचं बोट चावलं, त्या म्हणाल्या, आमच्यात हा रोजचाच प्रसाद. गार्ड खालच्या हिरडीवर बसतो, आधी थुंकत होता, आता खेळात असला की विसरतो. बोटांसाठी रात्री सुती मोजे.

सासूबाई आता संध्याकाळी टॉर्च घेऊन स्वतःच बसतात. वहीतली चित्रं त्याच काढतात. जीभ जरा भोपळ्यासारखी निघते, पण खुणा बरोबर असतात.

एक शंका. गार्ड उकळत्या पाण्यात टाकून धुतला तर चालतो का? सासूबाईंना बाटल्या उकळायची सवय आहे. आणि आता दाढा यायला लागतील, तेव्हा हाच चालेल?

---

दंतकथा

उकळू नका, वाकडा होईल आणि मग हिरडीलाच कापेल, तेही कळणार नाही. साधं गार पाणी, मऊ ब्रश, थोडा हात धुण्याचा साबण, नीट खळबळून भोकं असलेल्या डबीत कोरडा ठेवायचा. बाळाला देण्याआधी रोज कडेवरून स्वतःचं बोट फिरवा. तडा किंवा खरखर लागली तर त्या दिवशी गार्ड नाही, विभागात फोन.

दाढ येताना हिरडी फुगलेली दिसली की लगेच वेळ घ्या, पूर्ण यायची वाट बघू नका. हा गार्ड तेव्हा बसणार नाही. जुना टाकू नका, सोबत न्या, तो बघून पुढचा कुठे जाड करायचा ते कळतं.